एका बशीतल्या बहिणी

पुन्हा तेच. नळीत जीव एक, खुणा दोघींच्या.

थोरलीने संगणकाचा पडदा धाकटीकडे वळवला. समुद्राच्या पाण्यातून गाळलेले हे जीव तिळाहून लहान. जाती दोन, पण सूक्ष्मदर्शकाखालीही डोळा फसावा इतक्या सारख्या. शास्त्रात अशा जातींना बहिणीच म्हणतात. जनुकं वाचली तरच कोण कुठली ते कळतं, आणि आता जनुकंच घोळ घालत होती.

"जीव उचलायची सुई धुतलीस का? एकीचं दुसरीला लागलं असेल," धाकटीने विचारलं.

धुतली होती.

त्यांचे मार्गदर्शक सर महिनाभर बोटीवर होते. फोन लागला तर धाकटीचाच लागायचा, म्हणून निरोप तीच आणायची. सर म्हणतात, संकर होतोय. म्हणजे या दोन जाती नाहीतच. थोरलीचा सगळा प्रबंध त्या दोन आहेत यावर उभा. शिवाय प्रकल्प संपल्यावर जागा एकच, आणि दोघी बहिणींतली कोण राहणार हे सर आल्यावर ठरवणार. तेही धाकटीनेच सांगितलं.

जाळं बदललं. पाणी बदललं. सुई आगीवर धरून लाल केली.

पुन्हा तेच.

"लक्ष नसतं गं ताई तुझं. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणारी तू. सुई?"

"धुतली."

शेवटी थोरली करवादली. दोन हौदांत वेगळ्या वाढवलेल्या दोन्ही जाती तिने एकाच बशीत सोडल्या, खायला काही न देता. जमायचं तर जमा एकदाचं. झाकण ठेवलं आणि घरी गेली.

सकाळी निम्मे जीव गायब. तळाला रिकामी कवचं. उरलेल्यांची जनुकं वाचली, तर सगळे एकाच जातीचे, दुसरीच्या खुणांसकट.

एका रात्रीत संकर होत नाही. जेवण होतं.

कितीतरी दिवसांनी ती हसली. आधी धाकटीला सांगावं म्हणून वळली, पण खुर्ची रिकामी होती. मग ती थेट सरांच्या खोलीत गेली. ते नुकतेच बोटीवरून उतरले होते, बॅगही उघडली नव्हती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संकराची गोष्ट आली तेव्हा कपाळाला आठी पडली.

"संकर? मी कधी म्हणालो? पोटातलं अन्न आहे ते, तुझ्या धाकटीने मी निघायच्या आधीच दाखवलं होतं. म्हणून तर जागा तिला दिली." त्यांनी चष्मा काढला. "पण तुम्ही दोघी एकाच खोलीत राहता ना?"