शून्य गळती

मीटरवरचा आकडा खाली घसरत होता आणि मॅनेजरसाहेबांची मान प्रत्येक आकड्यागणिक ताठ होत होती. चाचणीच्या खोलीत यंत्र घुमत होतं. इंजिनिअरचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, फोन पाहिला, पुन्हा मीटर पाहिला. घरून एकही फोन नव्हता. म्हणजे तक्रार नव्हती. म्हणजे सगळं उत्तम चाललं होतं, असं त्याने स्वतःला परत एकदा बजावलं.

त्याचं काम गळती कमी करण्याचं. यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती दोन कड्या समोरासमोर बसवायच्या, एक फिरती आणि एक स्थिर, आणि मधल्या फटीतून वायू कमीत कमी निसटू द्यायचा. फट केसापेक्षा कितीतरी बारीक. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन, मग चाचणी. चाचणीतही एकेक गोष्ट बदलत बसायचं नाही. कडीवरच्या खाचांची खोली, त्यांचा कोन, कडी दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण हे ठरवून जोडीजोडीने बदलायचं, म्हणजे कोणाचं कोणाशी बिनसतं ते कळतं. या पद्धतीवर त्याचा इतका जीव होता की दोनेक महिन्यांपूर्वी तो ती घरी घेऊन गेला.

झालं असं, की बायकोशी रोज खटके उडत होते. याने डोक्यातल्या डोक्यात बेत आखला. पलंगावरचा ओला टॉवेल, जेवतानाचा फोन, टीव्हीचा आवाज आणि स्वतःच्या ताईचं कौतुक. कधी टॉवेल आणि फोन, कधी फोन आणि ताई. नुसत्या टॉवेलने ती कपाळाला आठ्या घालते, हे त्याने हेरलं. टॉवेलच्या जोडीला ताई आली, की मात्र घर डोक्यावर घेते. मग त्याने एकेक करून सगळंच बंद केलं. ती काही बोलली की "बरोबर आहे तुझं" म्हणून मोकळा व्हायचा. भांडणं कमी झाली, मग थांबली. गेला आठवडाभर घरात चकार शब्द नव्हता. स्वारी खूश होती. फक्त झोप लागत नव्हती.

"शून्य!" मॅनेजरसाहेब ओरडले. "गळती शून्य! अहो, चहा मागवा कुणीतरी!"

इंजिनिअर यंत्राकडे धावला. "बंद करा! आधी यंत्र बंद करा!"

"वेड लागलंय का तुम्हाला? याचसाठी तर एवढा आटापिटा केला ना?"

"साहेब, मधून थोडा वायू वाहता राहिला, तरच या कड्या एकमेकींपासून सुटून फिरतात. शून्य म्हणजे मधे काही उरलंच नाही. घासताहेत त्या!"

यंत्रापाशी उभ्या असलेल्या फिटरने लाल बटण दाबलं. यंत्र निवल्यावर कड्यांचं सील उघडलं, तर आतून करपट वास आला. एका कडीवर काळे ओरखडे होते, दुसरीची कड तडकली होती. फिटर ती हातात फिरवत हळहळला. "कमाल आहे. शेवटपर्यंत आवाज म्हणून केला नाही हिने."

इंजिनिअरने फोन पाहिला; घरून अजूनही काही नव्हतं. मग मॅनेजरसाहेब हाका मारत असताना तो तडक बाहेर पडला.

घरी पलंगावर बॅग उघडी होती. बायको इस्त्रीचे कपडे एकावर एक रचत होती.

"लवकर आलास?" ती म्हणाली. "मी आईकडे चाललेय."

"किती दिवस?"

"बघू." आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "भाजी फ्रीजमध्ये ठेवलीय."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण ओठांवर "बरोबर आहे तुझं" एवढंच आलं. ते त्याने गिळलं. तो भयंकर घाबरला होता. बाथरूममध्ये जाऊन त्याने नळाखाली डोकं धरलं, बाहेर येऊन केस पुसले आणि तो ओलाचिंब टॉवेल तिच्या बॅगेत, इस्त्रीच्या कपड्यांवर, नीट पसरून ठेवला.

"ताई असती ना," तो म्हणाला, "तर बॅग किती छान भरली असती."

ती टॉवेलकडे बघत राहिली. काहीच झालं नाही. तो पलंगावर बसला.

मग टॉवेल सणसणत त्याच्या तोंडावर आला.

"अक्कल गहाण टाकलीयस का? इस्त्रीचे कपडे आहेत ते! आणि ताईचं काय सांगतोस मला? महिनाभर नुसतं बरोबर आहे तुझं, बरोबर आहे तुझं! मी काय भिंतीशी बोलत होते?"

"बोल," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "अजून बोल."

"बोलणारच आहे!" ती कडाडली, आणि बॅग ढकलून त्याच्या शेजारी बसली, मधे जेमतेम एक टॉवेल मावेल एवढी जागा सोडून.