पाण्यावरची साय

मोरेश्वरनं खोबरेल तेलाच्या बाटलीत करंगळी बुडवली, मागं वळून पाहिलं, आणि ती करंगळी खाऱ्या पाण्याच्या टाकीत हलकेच टेकवली. पाण्यावर तेलाचा एक गोल पसरला. मग दुसरा. खालचे दोन नारिंगी मासे वर आले, खायला काही नाही बघून परत गेले.

स्वयंपाकघराच्या पडद्यामागं त्याची बायको सुशीला उभी होती. तिला सगळं दिसलं.

त्यानं फोन समुद्री मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला (समुद्रापासून लांबच्या सौसरात समुद्र या डब्यातूनच येतो) आणि पुण्याला मुलाला व्हिडिओ कॉल लावला. टाकी मुलाचीच, जाताना मागं ठेवलेली.

"शुभम, पुन्हा साय धरली रे तुह्या टाकीनं."

फोनमध्ये दिसतं: टाकी, मोरेश्वर, त्याच्या हातातला टिपायचा पांढरा कागद.

फोनमध्ये दिसत नाही: सुशीला.

"कागद आडवा सोडा, बाबा. दाबू नका. त्याचं त्याला तेल पिऊ द्या. हां. आता एका कोपऱ्यानं आपल्याकडं ओढत आणा."

"असा?"

"मस्त. अन् पंपाचं तोंड जरा वर करा. वरचं पाणी हललं पाहिजे. नाश्ता काय केला आज?"

"तर्री पोहे."

"वा! इथं पोह्यांत साखर टाकतात हो, बाबा."

दोघं हसले. पोह्यांवर बोलणं झालं, मग शुभमच्या नव्या खोलीवर, मग त्याच्या साहेबावर. सोळा मिनिटं. सुशीलाची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. शनिवारी तिनं शुभमला फोन केला होता, जामसांवलीच्या हनुमानाला किती मोठी रांग होती ते सांगायला. बरं, बरं. गोळी घेतली का? बरं, ठेवतो. सव्वा मिनिट.

लबाडीचा राग तिला नंतर आला. आधी आलं ते हे: आपल्याला का नाही सुचलं?

"पण बाबा," शुभम म्हणाला, "या हप्त्यात तिसरी वेळ आहे ही. तेल येऊन कुठून राहिलं? हाताला काही लावता का तुम्ही?"

"मी? नाही बा." मोरेश्वरनं करंगळी मुठीत घेतली. "तुह्या आईची फोडणी. सकाळपासून धूर. सांगून सांगून थकलो, ऐकतच नाही."

पडद्यामागं

(इथं सुशीलाच्या मनात काय आलं ते लिहिण्याजोगं नाही.)

"मग राहू द्या, बाबा," शुभम म्हणाला. " तिथं नाही जमायचं. माझा दोस्त प्रतीक रविवारी नागपूरहून गाडी घेऊन येईल. टाकी घेऊन जाईल."

"घेऊन जाईल म्हणजे?"

"साय धरली का खाली हवा जात नाही. मासे गुदमरून मरतील. अन् तुम्हालाही रोजचा ताप."

"मले कायचा ताप?"

फोनमध्ये दिसतं: ओला कागद. ठिबकतो आहे.

बाटली खिडकीत होती, झाकण उघडं. सुशीलानं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पोरगा हसला असता, मग चिडला असता. आणि रविवारी गाडी आली असती. टाकी गेली की सोळा मिनिटं गेली. घरात उरलं असतं सव्वा मिनिट, दोघांत मिळून.

ती बाहेर आली. खिडकीशी गेली. बाटलीला झाकण लावलं, घट्ट. मोरेश्वरनं ते झाकण लागताना पाहिलं.

"शुभम, माह्याच फोडणीचं आहे ते," ती म्हणाली.

"आई? तू कुठं होतीस?"

"इथंच. उद्यापासून दार लावून फोडणी देईन. पण कागद मी टाकीन. तुह्या बाबाचे हात थरथरतेत."

"काहून थरथरतेत? कुठं थरथरतेत?" मोरेश्वर म्हणाला.

"पाह्य, बोलणंही थरथरून राहिलं."

फोनमधून हसू आलं. "जमेल का तुला, आई?"

"पाटोडीच्या रस्स्यावरचं तर्रीचं तेल तीस वर्षं कोण काढते? तुह्या बापाले विचार, पळी कोणत्या हातात धरतेत."

तिनं नवा कागद दोन्ही हातांनी धरला. मधला भाग आधी पाण्याला लागू दिला, मग कडा सोडल्या. कागद तेल प्यायला, काचेसारखा झाला, त्यातून खालचे मासे दिसू लागले. तिनं घाई केली नाही. कोपरा धरून तो अंगाकडं ओढला. मागं पाणी उघडं होत गेलं.

"अरे!" शुभम म्हणाला. "आई, एकदम साफ. पुन्हा दाखव. हळू."

तिनं पुन्हा दाखवलं. गरज नव्हती.

"प्रतीकला सध्या येऊ नको म्हणून सांगतो. पण महिनाभर मला रोज सकाळी दाखवायचं, कागद टाकताना. लावशील फोन?"

"रोज?"

"रोज."

सुशीलानं पदरानं हात पुसले आणि तिसरा कागद घेतला.

मोरेश्वर टाकीवर वाकला. "शुभम, अन् ते पंपाचं तोंड मी..."

"बाबा, थोडे सरका ना. आईचा हात दिसून नाही राहिला."

मोरेश्वर सरकला.

"आणखी थोडे."