चेंडूखाली

गोल्फच्या सतराव्या होलचा फटका सणसणीत बसला, पण चेंडू ठेवायची इवलीशी खुंटी, टी, उडून वळसंगकरांच्या बुटावर पडली. त्यांनी ती उचलली. पांढरी खरी, पण प्लास्टिकची!

"गेनबा, वीस वर्षं माझा कॅडी आहेस आणि लाकडी टीशिवाय मी खेळत नाही, हे विसरलास?"

"लाकडी बाराव्यालाच संपल्या, साहेब. तेव्हापासून हीच लावतोय. तवा तीन फटक्यांनी मागं होतात, आता एकानं पुढं आहात."

"मग आत्ता कशाला सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

अकरा वर्षं हुलकावणी देणारा क्लबचा चषक आता एका होलवर आला होता. अठराव्या, शेवटच्या होलला गेनबाने त्याच टीवर चेंडू लावला. वळसंगकर उभे राहिले, बाजूला झाले, पुन्हा उभे राहिले. त्यांनी स्टिक उचलली.

आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्यांची नजर चेंडू सोडून खाली, टीवर गेली.