स्टिरिओतली चौथी जागा

केतकीने नवा फोन गाडीच्या स्टिरिओला जोडायला घेतला, तर पडद्यावर अक्षरं उमटली, ‘चारही जागा भरल्या आहेत. एक फोन काढा.’

साखरप्याहून कोल्हापूरला निघायचं होतं. ज्याचा फोन जोडलेला असेल, त्याची चालवण्याची तऱ्हा ही गाडी शिकून घेई आणि मग आपली आपण तशीच चाले. दादाचा फोन निवडला की सुसाट सुटे, वहिनीचा निवडला की बैलगाडीलाही वाट देई.

यादीत दादा, वहिनी, आई आणि बाबा होते. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा फोन कपाटात बंद पडून होता, पण त्यांची तऱ्हा स्टिरिओत तशीच होती. एकदा काढली की परत मिळणार नव्हती.

“आई, बाबांचाच काढावा लागेल गं,” केतकी चाचरत म्हणाली.

“माझा काढ,” सुलभाताई म्हणाल्या.

“अगं, मग गाडी तुझ्यासारखी कधीच चालणार नाही.”

“नाही तर नाही. मला शेजारीच बसायची सवय आहे. आणि आज ह्यांचाच लाव.”

सुलभाताई पुढे डावीकडे बसल्या. केतकी स्टिअरिंगच्या बाजूला वळली, थबकली आणि मागे जाऊन बसली.

घाटात देवीच्या देवळापाशी गाडी हळू झाली. बाबा वाजवत तसा हॉर्न दोनदा वाजला. सुलभाताईंनी हात जोडले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघताच म्हणाल्या,

“जरा हळू घ्या हो, पुढे वळण आहे.”