जनानी वाट

सुदामा नगरातल्या तीन खोल्यांत राहून सरदारकी मिरवायची, हे मधुरिमाच्या सासऱ्यांनाच जमे. जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता रेस्टॉरंट झालं होतं. तिथे फॅमिली फोटो काढायचा म्हणून दौलतरावांनी फेटासुद्धा भाड्यानं आणला होता.

"सूनबाई, तुम्ही जनानी वाटेनं फलाटावर या. आणि डोक्यावर पदर घ्या."

जनानी वाट म्हणजे दोन उंच भिंतींमधला बोळ. गाडीला निघालेल्या दरबारी बायका कुणाला दिसू नयेत म्हणून बांधलेला.

"पप्पाजी, तुमचे पणजोबा तबेल्यात नोकरीला होते ना? घोड्यांसमोर कोण पदर घेतं?" मधुरिमा फिस्सकन हसली आणि उघड्या डोक्यानंच आत शिरली.

बोळाला ना दार, ना वळण. भिंती मात्र अंगासारख्या कोमट होत्या. मागे बांगड्या वाजल्या. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं.

फलाटावर सगळे तिची जागा सोडून रांगेत उभे होते.

"भिया, भाभीजी कहाँ रह गईं?" फोटोग्राफरनं विचारलं.

"अरे, ही काय मी!" मधुरिमा म्हणाली. तिचा नवरा यशवर्धन तिच्या आरपार बोळाकडे बघत राहिला.

बोळातून एक बाई आली. मधुरिमानं नेसलेली तीच जांभळी महेश्वरी साडी तिच्याही अंगावर, नाकापर्यंत पदर.

"वा! आत्ता शोभली सरदारांची सून," दौलतराव म्हणाले.

"खुशी! बेटा, इकडे बघ!" मधुरिमा ओरडली.

लेक धावत आली, तिच्या बाजूनं सरळ पुढे गेली, त्या पदराखाली डोकावली आणि खुदकन हसली, "मम्मा, किती वेळ लावलास!"