फक्त पाहणे

सगुणाबाईंनी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि तिसऱ्यांदा कॉम्प्युटरवर तेच लाल अक्षरांत आलं: ‘आपल्याला परवानगी नाही.’ पोती शिवणाऱ्या बायका पदराआड खुदखुदल्या.

“चार दिस सासूचे, चार दिस सुनेचे!” त्यांच्यातली मंगल म्हणाली.

पालीतल्या महिला गटाच्या भातगिरणीत कॉम्प्युटर आला, तेव्हा कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय दाबता यावं, हे ठरवायचं काम सगुणाबाईंच्या सुनेकडे, शेफालीकडे आलं. सासूच्या नावापुढं तिनं ‘फक्त पाहणे’ निवडलं. वय झालंय, चुकून काही पुसलं जाईल, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं, तर ते निवडताना तिनं मनातल्या मनात पेढा खाल्ला होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पण घरातल्या कोठीची किल्ली अजून सासूच्या कमरेला. दारात पाहुणा उभा असला, तरी चहापुरता गूळ सासूकडे मागून घ्यायचा.

भात वाळलंय की अजून ओल आहे, हे मात्र दाणा दाताखाली धरून सांगावं तर सगुणाबाईंनीच. त्या सांगायच्या आणि शेफाली ‘मंजूर’ दाबायची. आज ती कामानं वेल्ह्याला गेली आणि दहा पोती दुपारपर्यंत दारातच अडकली. म्हणून सगुणाबाईंनी स्वतःच बोट पुढं केलं होतं. तेवढ्यात शेफाली परत आली.

पडद्यावर आपल्या नावापुढं काय लिहिलंय, ते सगुणाबाईंनी एकेक अक्षर लावत वाचलं. “शेफाली, ह्ये ‘फक्त पाहणे’ म्हंजी काय गं?”

“म्हंजी, आत्या, सगळं दिसतं, पण हात लावता येत न्हाई. लागंल ते दुसऱ्याला मागायचं.”

सगुणाबाई दारातल्या पोत्यांपाशी जाऊन बसल्या.

आता घरी गेल्यावर आपली धडगत नाही, असं शेफालीला वाटलं. मग तिला सासूची पाठमोरी, वाकलेली मान दिसली. एवढ्या बायकांत म्हातारीचं हसं झालं होतं, आणि ते आपण केलं होतं. तिची तिलाच लाज वाटली. तिनं सेटिंग उघडलं आणि सासूच्या नावापुढं ‘मंजुरीचा अधिकार’ निवडला. दोन टिचक्यांचं काम.

“आत्या, या. आता दाबा तुमी.”

सगुणाबाईंनी पोत्यातला दाणा चावला. कट्‌ वाजला. त्यांनी जपून बटण दाबलं. हिरवी खूण उमटली आणि बायकांनी टाळ्या पिटल्या.

सगुणाबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, त्यातली कोठीची किल्ली वेगळी काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

“घे. सहा वर्सं झाली, नुसती बघतीयास.”