वर्णन जुळणाऱ्या बायका

पोलीसचौकीत बायको हरवल्याच्या अर्जावर 'अंगावरील कपडे' हा रकाना आला, तेव्हा हारुहिसा तोकितांनी डोळे मिटून आठवले. मग म्हणाले, "अतिथिगृहाचा सुती किमोनो. निळी नक्षी. वर तपकिरी डगला."

हवालदाराने पेन खाली ठेवले. खिडकीबाहेर, तळ्याकाठच्या सपाट वाटेवरून लाल झालेले मॅपल पाहत पाहुणे फिरत होते. त्यांतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर निळ्या नक्षीचा किमोनो आणि तपकिरी डगला होता.

"आमचे एकशे वीस डगले आहेत हो," सोबत आलेल्या अतिथिगृहाच्या मालकीणबाई अपराधी सुरात म्हणाल्या. "पाहुण्यांना ते घालून फिरायला आवडतं."

"दुसरी काही खूण, आजोबा?" हवालदाराने विचारले.

"वय अठ्ठ्याहत्तर. उंची एकशे एकावन्न सेंटिमीटर. दीड वर्षापासून विस्मरणाचा आजार. मी गरम पाण्याच्या कुंडात सात मिनिटं होतो." शेवटची माहिती कोणी विचारली नव्हती. "नाव सुमिए."

"हरवल्याची सूचना देताना गावच्या भोंग्यावरून नाव सांगत नाही आम्ही. घरच्यांना संकोच वाटतो."

"मला वाटत नाही."

"नियम आहे, आजोबा."

सूर्यास्ताला पन्नास मिनिटे उरली होती. तोकितांनी चौतीस वर्षे अशाच तळ्यांच्या पाण्याचे नमुने तपासले होते. या दिवसांत पाणी अकरा अंशांवर असते. बेचाळीस किलो वजनाचे माणूस त्यात किती मिनिटे शुद्धीवर राहते, हेही त्यांना ठाऊक होते. ते ठाऊक नसते तर बरे झाले असते, असे त्यांना आयुष्यात प्रथमच वाटले.

ते वाटेवर आले तेव्हा खांबावरचा भोंगा बोलू लागला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी हरवल्या आहेत. अंगावर तपकिरी डगला आहे. दिसल्यास कळवावे.

बाकावरच्या दोन तपकिरी डगल्यांनी एकमेकींकडे पाहिले. "अगं, ही तूच तर नाहीस?"

"मी हरवले तर आमचे हे आधी जेवून घेतील, मग भोंग्याचं बघतील."

तोकिता त्यांच्यापुढे वाकले, दोघींचे चेहरे पाहिले, क्षमा मागितली आणि पुढे गेले. असे सतरा चेहरे झाले. प्रत्येक पाठमोरी बाई सुमिए असू शकत होती. वळली की नसायची.

होड्यांच्या धक्क्यापलीकडे समोरून एक बाई लगबगीने येताना दिसली. तीही येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांकडे निरखून पाहत होती. तोकितांना पाहताच ती थांबली.

"अहो," सुमिए म्हणाली.

एकावन्न वर्षे तिने त्यांना याच शब्दाने हाक मारली होती. तोकिता दोन पावले पुढे झाले.

"अहो, तुम्ही त्या बाजूनं आलात ना? कुणी आजी हरवल्यात बिचाऱ्या. दिसल्या का कुठं?"

"दिसल्या," ते म्हणाले. "सापडल्या. चला आता, थंडी पडतेय."

"सापडल्या असत्या तर भोंगा कशाला ओरडला असता?"

भोंगा खरोखरच पुन्हा सुरू झाला होता. या युक्तिवादात तोकितांना दोष काढता आला नाही. त्यांनी तिचा हात धरला.

तिने तो झटकन सोडवून घेतला. "हात काय धरताय? ओळख ना पाळख." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती जरा नरमली. "तुमच्या कुणी आहेत का त्या?"

तोकितांनी होकारार्थी मान हलवली.

"मग असे उभे काय राहिलात? तुम्ही तळ्याकडच्या बायका बघा, मी डोंगराकडच्या बघते. आणि नीट बघा. सगळ्याजणी सारख्याच दिसतायत."

ती चालू लागली. अर्धे पाऊल मागे राहून तोकिता तिच्याबरोबर निघाले, आणि तळ्याकडच्या बायकांचे चेहरे एकेक करून पाहू लागले.